खाच नसलेला कुंचला

ल्यों, सोमवार, २४ मार्च १८७९

प्रिय नोएमी,

सकाळी तुला तार केली आहे. 'रंगाची पेटी कुलपात ठेव. फिनेतला देऊ नकोस. पत्र येते आहे.' एवढीच. ती वाचून तू म्हणाली असशील, आमच्या ताईचं डोकं फिरलं. क्लारिसनं हौसेनं धाकट्या बहिणीला, फिनेतला पाठवलेली पेटी, आणि ती आठ वर्षांच्या पोरीच्या हातून काढून घ्यायला तार? तारेत मला याहून जास्त लिहिता येईना. तुमच्या पोस्टातली बाई तार आधी सगळ्या गावाला वाचून दाखवते आणि मग तुझ्याकडे पाठवते, हे तूच मला कळवलं होतंस. तू पेटी कुलपात ठेवली आहेस असं धरून मी पुढचं लिहिते. ठेवली नसशील तर इथेच थांब, ऊठ, ती ठेव, आणि मग वाचायला बस.

क्लारिस माझ्या पाठीमागे खाटेवर पडून आहे. झोपली आहे असं म्हणवत नाही. डोळे मिटून पायांतल्या मुंग्या सोसते आहे. मागच्या तीन पत्रांत मी तुला लिहिलं की तिला थंडी बाधली, पोट बिघडलं, नदीवरचं धुकं मानवत नाही. तेव्हा मला ते खरं वाटत होतं. निदान खरं वाटावं म्हणून मी फार धडपडत होते. आता डॉक्टर रव्होल रोज येतात. ती वाचेल का, असं मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, 'बाई, हे मला महिन्यानं विचारा.' असं एका ओळीत तुला सांगते आहे, नोएमी. तू तिची आई. तुझ्यापासून लपवायचा मला हक्क नव्हता, तरी लपवलं. कसं झालं ते पहिल्यापासून सांगते, कारण मधूनच सांगितलं तर मी स्वतःला वाचवायला बघेन. माझा मला भरवसा नाही.

तुला सत्तावनचा वसंत आठवतो का? तू सोळा वर्षांची होतीस. रेशीमकिड्यांच्या माडीवर बाबा रोज सकाळी एक अळी चिमटीत धरून खिडकीशी न्यायचे आणि उजेडात उलटीसुलटी करून बघायचे. त्या वर्षी पहिल्याच परडीत त्यांना रोगाचे डाग दिसले, मिरपूड भुरभुरावी तसे. तीन दिवस त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. शेजारणी मदतीला येत होत्या, त्याच हातांनी सगळ्या परड्यांना तुतीचा पाला घालत होत्या. चौथ्या दिवशी माडीवर मेलेल्या अळ्यांचा तो वास सुटला. आईनं विचारलं, 'तुम्ही पाहिलं होतं ना? मग बोलला का नाहीत?' बाबा म्हणाले, 'बोललो असतो तर ते खरं झालं असतं.' त्या उत्तरावर मी कित्येक वर्षं चिडून होते. बाबा गेले तेव्हासुद्धा मनात कुठेतरी तेच होतं. आता त्यांच्यावर चिडायचं तोंड मला राहिलं नाही.

त्याच वर्षी मला इथे ल्योंला रंग वाटायच्या कामावर धाडलं. पुढे आठ वर्षांनी मी घरी आले होते तेव्हा जपानची, रेशीमकिड्यांची निरोगी अंडी आली. योकोहामाहून बोटीनं आलेली ती पुठ्ठ्यांची चळत, वर खसखस ओतल्यासारखी अंडी, आणि सगळ्याभोवती गुंडाळलेला तो छापील कागद. त्यावर आयरिसचं फूल होतं. अर्धं कागदात, अर्धं कागदाबाहेर कापलेलं, लांबच लांब पाती, आणि बाकी सगळा कागद कोरा. तू क्लारिसला कडेवर घेऊन उभी होतीस. म्हणालीस, 'अगं ताई, ह्याला अर्ध्यावर झोप लागली की काय?' आणि सगळे हसलो. त्या अंड्यांनी आपलं घर वाचवलं, म्हणून त्या देशाबद्दल मी कधी वाकडा शब्द काढणार नाही. कागद मी मागून घेतला. माझ्या पेटीच्या तळाशी तो बारा वर्षं पडून होता.

आता माझ्या धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं. तू कधी विचारलं नाहीस आणि मीही कधी सांगितलं नाही. रेशमावर विणायची फुलं आधी कागदावर रंगवावी लागतात, ते आमचं काम. मला शिकवलं ते मादाम ओबेरनं. तिच्या हाताखाली फुलं रंगवायची म्हणजे गुच्छ भरगच्च हवा, प्रत्येक फूल ऐन बहरातलं, पानांना तपकिरी, निळी, जांभळी सावली. दोन फुलांमध्ये फट दिसली की म्हणायची, 'ही फट कशाला? गिऱ्हाइकाला वारा विकतेस?' झगझगीत हिरवा आम्ही पानाच्या कडेला, जिथे ऊन पडतं तिथे फक्त टिपक्याएवढा लावायचो. त्या हिरव्याची वाटी वेगळी, पाणी वेगळं, कुंचलाही वेगळा. त्या कुंचल्याच्या दांड्याला, बोटं टेकतात तिथे, ती चाकूनं खाच पाडायची. कारण आम्ही सगळ्याजणी कुंचल्याचं टोक ओठांनी करतो. दिवसातून दोनशे वेळा हात आपोआप तोंडाकडे जातो, विचारावं लागत नाही. मादाम ओबेर म्हणायची, 'पोरींनो, उंदरांना घालतात तो सोमल ह्या हिरव्याच्या पोटात आहे. बोटाला खाच लागली की तोंड मिटायचं.' पॅरिसला कापडी फुलांची पानं रंगवणारी एक मुलगी तिनं मरताना पाहिली होती. कशी मेली ते तिनं एकदाच सांगितलं. आम्हाला परत विचारावंसं वाटलं नाही.

तू दोन वर्षांपूर्वी क्लारिसला माझ्याकडे पाठवलीस तेव्हा मी तिला पहिल्याच दिवशी खाचेचा कुंचला दिला. म्हटलं, हिरव्याला हाच, आणि हा कधी ओठांना लावायचा नाही. का, ते सांगितलं नाही. पंधरा वर्षांची पोर, घराची आठवण काढून रात्री उशीत तोंड खुपसून रडायची. तिला आणखी मरणाच्या गोष्टी काय सांगायच्या, असं वाटलं. तिला वाटलं, असेल म्हाताऱ्या बायांची रीत. नोएमी, माझी पहिली चूक ही. पण तिच्यात निदान माया होती. दुसरीत नव्हती.

मस्यू गार्दों आमच्या रेशीमपेढीचे नक्शेखात्याचे मुख्य. एक दिवस जपानी चित्रांचं जाडजूड बाड काखेत मारून आले आणि टेबलावर आपटून म्हणाले, 'बायांनो, गुच्छ मेला. उद्यापासून मला तीन फुलं हवीत, बाकी पाती. आणि सावली दिसली तर कागद फाडीन.' मी पेटीतून आपला अंड्यांचा कागद काढून दाखवला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, 'मादमाझेल, हे तुमच्याजवळ होतं आणि तुम्ही बारा वर्षं मला कोबीसारखे गुलाब देत होतात?' सगळ्या हसल्या. मीही हसले. पण मला ते जमेना. वीस वर्षांचा हात. पात काढली की खाली सावली पडायचीच. क्लारिसला मात्र पहिल्या आठवड्यात जमलं. कुंचला टेकवायची, दाबायची, उचलायची, आणि पात तयार. मध्ये फुगीर, टोकाला सुई. मी तिच्या खांद्यावरून बघत राहायचे. अभिमान वाटायचा हे खरं. दुसरंही काही वाटायचं, तेही खरं.

गेल्या उन्हाळ्यात मस्यूंनी आम्हा दोघींना पॅरिसच्या प्रदर्शनाला नेलं, ते तुला माहीत आहे. तिनं तुला तिथल्या कारंज्यांचं वर्णन लिहिलं होतं. कारंज्यांपाशी आम्ही फार तर अर्धा तास होतो. उरलेले दोन दिवस ती जपानी मंडपात एका म्हाताऱ्या कारागिरासमोर उभी होती. तो चटईवर बसून लोकांदेखत फुलं काढायचा. कुंचला उभा, दांडा अगदी वर धरलेला, आणि पात वळवायची असली की बोटांत दांडा फिरवायचा. प्रत्येक पातीआधी कुंचल्याचं टोक जिभेला लावायचा. क्लारिसनं मला कोपरानं ढोसलं. 'मावशी, बघ, हेसुद्धा आपल्यासारखंच करतात.' त्याच्या वाटीत काजळीची शाई होती. काजळी जिभेला लागली तर जीभ काळी होते, बाकी काही होत नाही. हे मला तेव्हाच सुचलं. मी तिला सांगितलं नाही, कारण तेव्हा सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

परत आल्यावर मस्यूंनी तिला मोठं काम दिलं. भिंतीवर लावायचा पडदा, पुरुषभर उंच, सगळी आयरिसची पाती आणि तीनच फुलं, त्यातलं एक कडेला कापलेलं. सावली नाही म्हणजे तपकिरी नाही, निळा नाही. नुसता कोरा, सपाट, झगझगीत हिरवा. आम्ही वर्षात वापरायचो त्याहून जास्त हिरवा एका महिन्यात लागला. पहिल्याच आठवड्यात ती खाचेचा कुंचला घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, 'मावशी, ही खाच बोटात अडते गं. दांडा फिरत नाही, पात मध्येच मोडते.' खरंच मोडत होती. मी तिच्याकडे बघितलं, कुंचल्याकडे बघितलं, आणि माझ्या पेल्यातला गुळगुळीत दांड्याचा कुंचला काढून तिला दिला.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. बोलायला तोंड उघडलंही होतं. पण तिनं तो कुंचला ओठांत धरला, टोक केलं, आणि माझ्यासमोर एक पात काढली. मी आयुष्यात तशी पात काढली नाही आणि काढणारही नाही. त्या क्षणी मी म्हटलं असतं, 'बाई, असं करू नकोस,' तर तिला वाटलं असतं, मावशीला स्वतःला जमत नाही म्हणून जळते. आणि मी जळतच होते, नोएमी. म्हणून गप्प बसले. मनाशी म्हटलं, ओल्या रंगाचा थेंब तो काय, किती पोटात जाणार? मादाम ओबेर म्हातारी होती, म्हाताऱ्या घाबरतात. पडदा झाला की सांगू. पडद्याला साडेचार महिने लागले.

शेजारची विधवा शापुई तुला आठवते ना, खालच्या मजल्यावर माग चालवते ती. नाताळाच्या सुमारास जिन्यात क्लारिसची गाठ पडली की ती नाक मुरडायची. 'पोरी, एवढी लसूण खातेस? बरं आहे बाई, मावशीला चिंता नको. अशा तोंडाला कोण मुका देतोय!' क्लारिस लाजून लाल व्हायची. तिनं लसूण खाल्लीच नव्हती. घरात लसूण नव्हतीच. मला ते खटकलं आणि मी त्यावर विचार केला नाही. मग ओठांचे कोपरे चिरले. मी म्हटलं, हिवाळा. मग पोटात अन्न ठरेना. मी म्हटलं, धुकं. मग फणीला केसांचे पुंजके यायला लागले. ते मी तिच्या आधी उठून चुलीत टाकायचे.

डॉक्टर रव्होल गेल्या गुरुवारी पहिल्यांदा आले. त्यांनी तिचे तळवे बघितले, कातडी घट्ट्यांसारखी जाड झालेली. वाकून तिच्या श्वासाचा वास घेतला. मग मला विचारलं, 'ही काम काय करते?' मी म्हटलं, 'फुलं रंगवते.' त्यांनी टेबलाकडे बघितलं. हिरव्याची वाटी तिथेच होती. म्हणाले, 'आणि पानं?' त्यांनी वाटी रुमालात गुंडाळून नेली. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, वाटीत सोमल आहे, आणि श्वासाला लसणीसारखा वास त्याचाच. सोमलाचं मला वीस वर्षांपूर्वीच सांगून झालं होतं. पडदा आता मागावर चढला आहे. मस्यू गार्दों परवा फुलं घेऊन आले होते, खरी, बागेतली. क्लारिसच्या उशाशी ठेवली आणि गेले. त्यांना दोष देता येत नाही. त्यांना खाचेची गोष्ट कुणी सांगितली नव्हती.

गुरुवारपासून मी रोज तुला पत्र लिहायला बसत होते आणि रोज उद्यावर टाकत होते. आज सकाळच्या टपालानं तुझं पत्र आलं. क्लारिस म्हणाली, 'मावशी, वाच ना मोठ्यानं.' मी वाचायला लागले. शेळी व्यायली, तुतीला डोळे फुटले, रेशमाच्या हंगामाला क्लारिसला घरी पाठव, चेस्टनटची भाकर खाऊन ती चार दिवसांत धडधाकट होईल. ती हसत होती. मग शेवटचं पान. 'फिनेत दिवसभर खिडकीत बसून पाती काढते. क्लारिसनं सुट्टीत दाखवलं तसं कुंचल्याचं टोक ओठांत धरून करते, अगदी थोरलीची नक्कल. जेवायला बसते तेव्हा जीभ हिरवीगार असते, मला तर हसू आवरत नाही.' मी तिथेच थांबले. क्लारिसनं विचारलं, 'काय झालं?' मग मी तिला सगळं सांगितलं. सोमल, मादाम ओबेर, खाच, सगळं. ती म्हणाली, 'तुला माहीत होतं?' मी म्हटलं, 'हो.' ती म्हणाली, 'मग माझं राहू दे. आधी फिनेतला सांग.' तिनं मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

ती पेटी क्लारिसनं भरली होती. 'पानं जास्त लागतात' म्हणून हिरवा दुप्पट घातला होता. पण नव्या वर्षाची भेट म्हणून तिच्यावर दोरा मी बांधला. झाकण लावताना आतला कुंचला मी पाहिला. दांडा गुळगुळीत होता. चाकू माझ्यासमोर टेबलावर होता, नोएमी. खाच पाडायला मला क्षणभर लागला असता. त्याला आता तीन महिने होत आले. तो हिरवा विहिरीत टाकू नकोस, चुलीत जाळू नकोस, तुतीच्या मुळाशी पुरू नकोस. घट्ट गुंडाळून ठेव, मी येऊन घेऊन जाईन. आणि हे पत्र हातातून खाली ठेवलंस की फिनेतला खिडकीशी ने. बाबा अळी धरायचे तसं तिला उजेडात धर. तिची जीभ बघ, ओठांचे कोपरे बघ, तळवे बघ, तिच्या तोंडाचा वास घे, तिची फणी बघ. काहीही दिसलं तर त्याच पावली तिला डॉक्टरांकडे ने, हे पत्र त्यांना दाखव, आणि मला तार कर. पोस्टातल्या बाईला ती वाचू दे, सगळ्या गावाला कळू दे, माझ्या नावानिशी कळू दे. फक्त तीन दिवस थांबू नकोस.

हे वाचूनही तू म्हणू देशील तर तुझीच,
सिदोनी